आकितीचं वावधान

वत्सलाच्या घरात पाय ठेवला तर मी धुळाजीची लेक नाही, असं मी चार माणसांत म्हणाले होते. त्या आकितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, या गोष्टीला बरोबर दोन वर्षं झाली. दोन वर्षांत त्या घरावरून मी रोज गेले. पाण्याला गेले, शेणाची पाटी घेऊन गेले, नातीला गोवर निघाला तेव्हा अंगणात उभी राहून औषध सांगून आले. उंबरा ओलांडला नाही. माणसाने शब्द एकदाच टाकावा आणि मग त्याच्यावर बसून राहावं, कोंबडी अंड्यावर बसते तसं. मग आत पिल्लू असो की नासकं पाणी.

भांडण खडीचं होतं. दुष्काळात विहिरी आटल्या, सरकारने रस्त्याचं काम काढलं, आणि माझी धाकटी सून वत्सला डोक्याला फडकं बांधून खडी फोडायला गेली. मी नको म्हणत असताना गेली. आमच्या घरातली बाई तोवर कुणाच्या कामावर गेली नव्हती. त्यावरून धाकटा निवृत्ती बायकोला आणि लेकीला घेऊन गोठ्याशेजारच्या दोन खणांच्या माळवदी घरात राहायला गेला. तिथून एका संध्याकाळी तिने रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी फडक्यात बांधून मला पाठवली. मी दोन दिवसांची उपाशी होते. तरी ती भाकरी तशीच परत पाठवली, आणि मागोमाग तिच्या अंगणात जाऊन बोलायचं ते बोलले. थोरला मोहन माझ्याजवळ राहिला. भाऊ भावाशी बोलेना, जाऊ जावेशी बोलेना. मी तेवढी दोन्हीकडे बोलत होते. मी गप्प बसले असते तर घर चाललं असतं कशावर?

वत्सला मात्र मला उलट बोलायची नाही. तिला सांगायचं असेल ते ती म्हशीला सांगायची. गौळण नावाची म्हैस होती तिची. मी अंगणात उभी असले की ही म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणणार, "गौळणे, मोठ्या घरी सांग बाई, कडबा उघड्यावर पडलाय, भिजंल." मग मीही म्हशीकडे बघून म्हणायची, "आमच्या कडब्याची काळजी आमाला हाय." त्या म्हशीने आमच्या घरातलं जितकं ऐकलं तितकं गावच्या पाटलानेही ऐकलं नसेल.

तर त्या आकितीला मोहनच्या दूध संस्थेच्या शेडचं उद्घाटन होतं. मोहन चेअरमन. शेड बांधली ती निवृत्तीच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत, रस्त्याला लागून, म्हणजे दुधाची गाडी दारात यावी. पत्रे दिले होते थोरल्या सुनेच्या, चंद्रभागाच्या वडलांनी. आबासाहेब, नेकनूरचे. माणूस मोठा, पोटही मोठं, आणि दिलेली वस्तू विसरू न देण्याची सवय त्याहून मोठी. पत्रे वेळेवर आले. पत्र्याला लाकडाशी आवळून धरायचे लोखंडी हूक मात्र केजहून आले नाहीत. आज येतील, उद्या येतील करता करता आकिती आली. आकिती म्हणजे साडेतीन मुहूर्तांतली. ती काय हुकासाठी थांबते?

"दगड ठेवा वरून," कुणीतरी म्हणालं. "सगळं गाव ठेवतं."

ते कुणीतरी म्हणजे मीच. लपवून काय करू, तिथे पन्नास माणसं होती. मोहनने बैलगाडीभर दगड आणले आणि पत्र्यावर ओळीने मांडले. नारळाएवढे, काही त्याहून मोठे. वत्सला समोरच्या ओट्यावरून बघत होती. ती म्हशीला म्हणाली, "गौळणे, दगडानं पत्रा दबतो, बांधला जात न्हाई. तारंनं आवळायला सांग." मी म्हशीला म्हटलं, "तुज्या मालकिनीला म्हनावं, खडी फोडली म्हनून दगडाची शास्त्रीन झाली न्हाई."

सगळे हसले. चंद्रभागा जरा जास्तच हसली.

*

दुपारी पंगत बसली. शेडखाली चाळीस पानं. पुरणपोळी, कुरडया, आणि दुष्काळानंतर पहिल्यांदाच पोटभर आमरस. आबासाहेबांना मधोमध पाट, त्याच्याभोवती रांगोळी. निवृत्ती संस्थेचा सभासद, त्याला बोलावणं करावंच लागलं. तो पार शेवटच्या पानावर, पाहुण्यासारखा बसला होता. वत्सला आली नाही.

मी वाढत होते. उकाडा असा, की वाटीतला रस गरम लागावा. झाडाचं पान हलेना. आणि माझं लक्ष समोर गेलं. वत्सला म्हशीचं दावं सोडत होती. सोडलं, म्हशीला गोठ्याबाहेर काढून मोकळ्या रानाकडे हाकललं. मग अंगणातलं घमेलं, फावडं, वाळत घातलेली चादर, सगळं आत नेलं. शेवटी घागर घेऊन आत गेली आणि घरातून भसकन् वाफ बाहेर आली. सणाच्या दिवशी, भरल्या दुपारी, बाईने चुलीत पाणी ओतलं!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पळी हातात घेऊनच मी तिच्या अंगणात गेले.

"अगं ए! सनासुदीची चूल इझवती? कुनाचं सुतक धरलंस?"

म्हैस नव्हती समोर. वत्सलाने इकडेतिकडे बघितलं, बोलायला कुणी मिळेना, तेव्हा गोठ्याच्या खांबाला म्हणाली, "वावधान येतंय. वारा चुलीत शिरला की विस्तव घरभर नेतो."

वारं आणि पाऊस एकदम तुटून पडतात त्याला आमच्याकडे वावधान म्हणतात. मी मान वर केली. मावळतीकडे डोंगराच्या वर आभाळ तांबूस-काळं झालं होतं, आणि त्याच्या पुढे धुळीची भिंत चालत येत होती. आवाज नव्हता. कावळे एका बाजूने निघून चालले होते.

खरं सांगायचं तर मला ते आधीच जाणवलं होतं. माझा डावा गुडघा सकाळपासून सांगत होता. पण गुडघ्याचं ऐकायला त्या दिवशी सवड कुणाला होती?

"येऊ दे," मी म्हटलं. "शेड हाय की."

तेव्हा वत्सलाने खांब सोडला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"आत्याबाई, रस्त्याच्या कामावर असंच आलतं. मुकादमाच्या शेडखाली आमी बायका घुसलो. पत्रा उडाला तो पार शिवारात गेला. पर पत्र्यावरचा दगड कुटं जात न्हाई. तो सरळ खाली येतो. साखराबाईचा खांदा मोडला. आजून तिला घागर उचलता येत न्हाई."

मी मागे वळून शेडकडे बघितलं. खाली चाळीस डोकी आमरसात वाकलेली, आणि प्रत्येक डोक्यावर नेमका एक दगड. मी सांगितलेला.

*

"उठा!" मी शेडच्या तोंडाशी उभी राहून ओरडले. "पानावरून उठा समदे! बाहेर व्हा!"

चाळीस माणसांनी माझ्याकडे बघितलं. भरल्या पानावरून कुणी कुणाला उठवतं का?

"कावून?" आबासाहेब म्हणाले. पोळीचा घास तसाच हातात. "इहीनबाई, काय झालं?"

"वावधान येतंय. हे दगड डोक्यात पडतील."

"माज्या पत्र्याखाली बसलाव आमी," ते म्हणाले. "कंपनीचा पत्रा हाय. वाऱ्याला भीक घालत न्हाई."

"पत्रा लई चांगला हाय हो. दगड आमचे हायेत."

मोहन माझ्याजवळ आला. कानात म्हणाला, "माय, पाहुन्यांपुढं काय चालवलंस? तूच म्हनलीस ना दगड ठेव?"

मोहनच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते त्याने मला पुढे पावसाळ्यात सांगितलं. त्याला वादळ दिसत होतं. पण सासऱ्याला त्याच्याच पत्र्याखालून उठवायचं म्हणजे आपली शेड कच्ची आहे असं पहिल्याच दिवशी गावासमोर कबूल करायचं. माणूस जिवापेक्षा चेअरमनकीला जास्त जपतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझाच मुलगा. कुणावर गेला ते विचारू नका.

"मी म्हनले व्हते," मी मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दगड ठेवा म्हनून मीच सांगितलं, आन् मी चुकले. झालं? आता उठा."

पंगत गार पडली. मी चुकले असं मी म्हटलेलं गावाने तोवर ऐकलं नव्हतं. बहुतेक त्यालाच घाबरून लोक उठले.

पहिला निवृत्ती उठला. पण उठलेली माणसं जायची कुठं? तरणी माणसं पावसाचा वास आल्याबरोबर उघड्या रानात पळाली आणि हात वर करून नाचायला लागली. दोन वर्षं ज्यांनी ढगाकडे बघून हात जोडले, त्यांना ढगाचं भय कुठून वाटणार? बाकीचे चिंचेच्या झाडाकडे धावले.

"चिंचंखाली न्हाई!" मी ओरडले. "फांदी मोडती, वर ईज झाडावरच पडती! आन् ए नाचे लोक, उघड्यावरून आत या! नवरदेव हाव का ईजंचे?"

"आत म्हंजी कुटं?" चंद्रभागा म्हणाली. "आपलं घर गावात. तिथवर कसं पोचायचं?"

पुढ्यात एकच घर होतं. जाड दगडी भिंतीचं, बसकं, वर मातीचं माळवद. चैत्रात वत्सलाने एकटीने पांढऱ्या मातीच्या पाट्या वाहून ते माळवद चोपलं होतं. तेव्हा मी म्हणाले होते, आभाळात ढग नाही आणि ही पावसाची तयारी करते.

"वत्सलाच्या घरात," मी म्हटलं.

चंद्रभागाचं तोंड आंबलं. "तितं? माझे वडील तितं वाकून जातील?"

"तुज्या वडलाला म्हनावं, वाकलेला मानूस पुन्हा सरळ होतो. मोडलेला होत न्हाई."

आबासाहेब अजून पाटावरच होते. मी त्यांच्यापुढे गेले. वाऱ्याचा पहिला झोत आला, पत्रा एकदा कडाडला आणि वरून मूठभर माती त्यांच्या पोळीवर पडली.

"व्याहीबुवा, रसाची वाटी घ्या हातात आन् चला. जेवन मोडत न्हाई, नुसती जागा बदलती. मोडलं तर मी पुन्हा वाढीन."

त्यांनी पोळीवरची माती बघितली, वर पत्र्याकडे बघितलं. वाटी उचलली आणि माझ्या पुढे चालायला लागले. वाटेत थांबून एकदा वाटीतला रस प्यायले, सांडू नये म्हणून.

*

दोन खणांचं घर, चाळीस माणसं. वत्सला दारात उभी राहून माणसं आत कोंबत होती. "वाऱ्याकडच्या खिडकीला फळी लावा. भिंतीला टेका, दारासमोर कुनी बसू नका. छबुबाई, तुमच्या पायातलं काढा आन् त्या कोपऱ्यात सरका." आबासाहेब दारात अडले. दार इतकं ठेंगणं, की वाकावं लागे, आणि ते वाकले की पोट मधे येई. मागून निवृत्तीने खांदा लावला. आबासाहेब आत गेले. वाटी तशीच हातात, रिकामी.

तेवढ्यात चंद्रभागा किंचाळली. "हे कुटं हायेत?"

मोहन शेडमध्येच होता. दुधातलं फॅट मोजायचं यंत्र, काचेच्या नळ्यांचं, संघाकडून आदल्या दिवशीच आलं होतं. तो ते जमिनीवरच्या खोक्यातून उचलायला परत गेला होता. वरचे पत्रे आता माशाच्या खवल्यासारखे उचलत होते आणि बसत होते.

निवृत्तीने माझ्याकडे बघितलं. मी जा म्हणाले नाही. एक पोरगा आधीच त्या दगडांखाली होता, दुसऱ्याला कोणती आई पाठवेल? नको असंही म्हणाले नाही. तो गेला.

पुढचं मला दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं वेगळं आहे. निवृत्ती म्हणतो, मोहन यंत्राला मिठी मारून बसला होता. मोहन म्हणतो, तो निघालाच होता. एवढं मात्र दोघांना मान्य आहे, की निवृत्ती त्याच्या दंडाला धरून ओरडला, "सोड बे ते!"

दोन वर्षांतला भावाला बोललेला पहिला शब्द.

"थोरल्या भावाला बे म्हन्तो?" मोहन म्हणाला.

"जगलास तर उद्या अहो म्हनीन! चल!"

यंत्र सोडलं नाहीच. दोघांनी दोन बाजूंनी धरलं आणि वरात घेऊन यावी तसे धावत आले. ते अंगणात पोहोचतात तोच मागे पहिला पत्रा सुटला. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, जणू आभाळाचंच कापड कुणी टराटरा फाडलं. दोघे माझ्या अंगाला घासून आत गेले.

आणि मग मला कळलं, की सगळे आत आहेत आणि मी एकटी बाहेर ओट्यावर आहे.

"माय, आत ये!" मोहन.

"मी हितंच बरी हाय. भिंत हाय पाठीला."

"भिंत एका बाजूला हाय, वारा चारी बाजूनं!" निवृत्ती.

"बोलले ते बोलले."

आतून चाळीस माणसांचा गलका झाला. गावातली छबुबाई म्हणाली, "पारूबाई, शब्द काय खायचा हाय का?" कुणी म्हणालं, "म्हातारी हट्टाची हाय." म्हातारी कोण म्हणालं ते मी आवाजावरून ओळखलं आणि लक्षात ठेवलं. पहिल्या गारा पडायला लागल्या. बोराएवढ्या, मग सुपारीएवढ्या. गारा पडल्या की आमच्या बायका अंगणात पहार फेकतात, म्हणजे गारा थांबतात. दाराशीच पहार होती. मी ती उचलली.

"आत्याबाई, पहार टाका!" वत्सला ओरडली.

"टाकतेच हाय, अंगनात!"

"हातातून टाका! ईज कडाडतीय आन् लोखंड धरून दारात उभं ऱ्हाता?"

माझ्यावर ओरडली. माझी सून. मी आश्चर्याने पहार सोडून दिली.

आता चंद्रभागाचं सांगते. तिने मला पुढे सांगितलं, की तोवर ती मनात माझ्यावर जळत होती. माझ्यामुळे तिच्या वडलांची शोभा झाली होती. पण तिने बघितलं, की दगडांखाली तिचा नवरा होता आणि त्याला आणायला तिचा दीर गेला. आणि ज्या जावेला ती दोन वर्षं तिरक्या डोळ्याने बघत होती, तिच्याच घरात भिंतीला टेकून आबासाहेब बसले होते, आणि जावेने त्यांना पुसायला आपला पदर दिला होता. चंद्रभागा उठली.

"जाऊबाई," ती म्हणाली, "तुमी पाय धरा. मी काखंत हात घालते."

मला काय होतंय ते कळेपर्यंत मी आडवी झाले होते. एकीने खांद्याखालून उचललं, दुसरीने घोट्यापाशी. खडी फोडलेले हात होते ते, चिमट्यासारखे बसले.

"ठेवा मला खाली! भवान्यांनो! पाय लावनार न्हाई म्हनले ना मी!"

"पाय मी धरलेत," वत्सला म्हणाली. "लागत न्हाईत."

ज्वारीचं पोतं नेतात तसं मला उंबऱ्यावरून नेलं आणि घरातल्या एकुलत्या एक बाजेवर ठेवलं. लोक हसायला लागले, आबासाहेब तर पोट धरून. मला आणखी शिव्या सुचल्या होत्या. पण तेवढ्यात बाहेर धाड असं झालं आणि सगळं हसणं जागच्या जागी विझलं. मी ज्या ओट्यावर उभी होते, त्याच्या लाकडी मेढीत पत्र्याची एक कड कुऱ्हाडीसारखी रुतून बसली होती. माझ्या मानेएवढ्या उंचीवर.

दार लावून घेतलं.

*

गारांनी माळवद चांगलं घुमत होतं, पण पाण्याचा थेंब आत आला नाही. खोटं कशाला सांगू, एक थेंब येत होता. बरोबर माझ्या बाजेवर.

"तितंच माती कमी पडली," वत्सला म्हणाली. "एक पाटी."

"एक पाटी मागितली असती तर मी दिली असती," मी म्हटलं.

मी पाय वर घेऊन बाजेवर बसले. जमिनीला लावायचे नाहीत म्हणजे नाहीत. थोड्या वेळाने वारा एकदम पडला. दाराच्या फटीतून उजेड आला. आबासाहेब उठले.

"थांबलं. चला, पत्रे गोळा करू. दूर जातील."

"बसा खाली!" मी बाजेवरून म्हटलं. "वावधान एकदा फिरून मागं बघतं. त्याचा निरोप झाल्याबिगर दार उघडायचं न्हाई."

"इहीनबाई, माजे पत्रे..."

"तुमचे पत्रे वाऱ्याला भीक घालत न्हाईत ना? मग ऱ्हातील."

ते बसले. आणि वावधान फिरलं. उलट बाजूने आलं ते आधीच्यापेक्षा जोरात. चिंचेची मोठी फांदी कडकडून पडल्याचा आवाज आम्हाला आत आला. जे मघाशी चिंचेखाली धावले होते त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

तासाभराने दार उघडलं. सगळे बाहेर गेले. मी बाजेवरूनच दारातून बघत होते. शेडचे खांब उभे होते, वर आभाळ. पंगत तशीच मांडलेली होती, पत्रावळी चिखलात, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर एक दगड वाढलेला. आबासाहेबांचा पाट मधोमध दुभंगला होता. ते त्याच्यापाशी गेले. मग वाकले, त्या एवढ्या पोटासकट वाकले, आणि पाटाचे दोन तुकडे उचलून घेतले.

"मोहनराव," ते म्हणाले, "हूक मी सोता आनतो. उद्याच. आन् तोवर हितं कुनी बसायचं न्हाई."

"पत्रे?" मोहन म्हणाला.

"पत्रे गेले खड्ड्यात."

बरेचसे तसेच गेले होते. एक नाल्यात, दोन बाभळीवर. गौळण म्हैस संध्याकाळी रानातून आपल्या पायांनी आली, अंगावर ओरखडा नाही. बांधलेली असती तर गोठ्याच्या छपराचं आढं तिच्या पाठीत पडलं असतं. आढं तिच्या गव्हाणीवर आडवं पडलं होतं.

फॅटचं यंत्र शाबूत होतं. दोघे भाऊ त्यातली एकेक नळी उजेडाला धरून बघत होते. निवृत्ती म्हणाला, "बघा अहो, ही पन चांगली हाय." मोहनने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. दोन वर्षांचं बोलणं ते एका संध्याकाळी संपवणार असं दिसत होतं.

*

पण चाळीस माणसं अर्धपोटी होती. सणाचा स्वयंपाक चिखलात गेला. पाहुण्याला मी शब्द दिला होता, पुन्हा वाढीन म्हणून.

वत्सलाने चुलीतली ओली राख काढली, सुकं जळण आतल्या कोपऱ्यात ठेवलं होतं ते आणलं, जाळ केला. पीठ परातीत घेतलं. चंद्रभागाने पिठल्याला कांदा चिरायला घेतला. दोघी एकमेकींना "हे द्या, ते सरकवा" म्हणत होत्या, जणू कधी काही झालंच नव्हतं. मी बाजेवर पाय दुमडून बसून सांगत होते. पाणी जास्त झालं, जाळ कमी कर, मीठ घातलं का. कुणी माझ्याकडे वळून बघेना.

वत्सलाच्या घरात दोन चुली आहेत. एकीवर तवा होता. दुसरीवरचं पिठलं उतरल्यावर ती नुसती जळत होती. एकट्या वत्सलाचे हात, एका तव्यावर चाळीस माणसांच्या भाकऱ्या, बाहेर आबासाहेब ओट्यावर बसून घसा खाकरतायत. आणि दुसरी चूल रिकामी जळतीय.

मला सगळं बघवतं. रिकामी चूल बघवत नाही.

मी इकडेतिकडे बघितलं. दोघी पाठमोऱ्या होत्या. मी हळूच डावा पाय खाली सोडला. जमीन गार होती, शेणाने सारवलेली, गुळगुळीत. मग उजवा. धुळाजीच्या लेकीने जमिनीवर पाय ठेवला आणि काही कोसळलं नाही.

मला वाटलं, कुणी बघितलं नाही. चुलीजवळ गेले तर तिथे पाट आधीच मांडलेला होता. पाटापुढे परात, परातीत पीठ, शेजारी पाण्याचा तांब्या, चुलीवर दुसरा तवा. वत्सला मान खाली घालून भाकरी थापत होती.

मी बसले. आम्ही दोघींनी समोरासमोर भाकऱ्या थापल्या. चंद्रभागा वाढत होती. लोक ओट्यावर, अंगणात, मोडलेल्या फांदीवर बसून पिठलं-भाकरी खात होते आणि पाऊस किती झाला यावर पैजा लावत होते. आबासाहेबांनी सहा खाल्ल्या.

सगळ्यांचं झालं तेव्हा वत्सलाने शेवटची भाकरी तव्यावरून काढली, फडक्यात गुंडाळली, आणि माझ्यापुढे धरली. तसंच फडकं. दोन वर्षांपूर्वीचंच असेल, मी विचारलं नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "घ्या."

गौळण बाहेर दाव्याला होती. तिला कुणी काही सांगितलं नाही.

मी भाकरी घेतली. मोडली, खाल्ली. जरा जाड होती. तसं मी तिला सांगितलं.

मग दुसरी मागितली.